पार्टिशनवरून आलेली हवा

घराबाहेर पडताना गॅसचं बटण मी दोनदा बघते. मग जिना उतरायला लागते आणि अर्ध्या जिन्यातून परत वर येऊन पुन्हा बघते. आमचे हे या सवयीवर लग्न झाल्यापासून टोमणे मारत आलेत. "चंद्रावर गेलीस तरी बटण बघायला परत येशील," असं ते पूर्वी म्हणायचे, तेव्हा चंद्राशी आपला काही संबंध येईल असं आम्हा दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं. पण ज्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्या कामाला माझ्यासारखं धास्तावलेलं माणूसच लागतं. निर्धास्त माणसानं गळती तपासायला बसूच नये.

हो, गळती. मी आयुष्यभर गळती शोधली. लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की मी खरं सांगायचे आणि समोरच्या बाई लगेच आपल्या बाथरूमच्या छताबद्दल बोलायला लागायच्या. म्हणून जरा नीट सांगते. सायकलवाला पंक्चर काढताना ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडा कुठून येतो ते बघतो. सिलिंडर बदलल्यावर आपण रेग्युलेटरला साबणाचा फेस लावतो. माझं कामही तेच, फक्त माझा बुडबुडा डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. त्यासाठी हीलियम वापरतात. जत्रेतल्या उडणाऱ्या फुग्यात असतो तोच वायू. जिथून पाणी जाणार नाही, साधी हवाही धड जाणार नाही, तिथून हा बाहेर निसटतो. तपासायची वस्तू हीलियमनं भरायची आणि मशीनची लांब नळी तिच्या जोडांवरून हळूहळू फिरवायची. कुठून हीलियम येत असेल तर मशीन हुंगतं आणि ओरडतं. आमच्या शेडमध्ये त्या नळीला सगळे सोंड म्हणायचे आणि दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालायचे.

शेड तळोज्याला एमआयडीसीत. मालक भगतशेठ. त्यांच्या वडिलांची खाडीला मिठागरं होती. नवीन शहर आलं, जमिनी गेल्या, आणि आलेल्या पैशांत त्यांच्या भावकीनं गाड्या घेतल्या, बंगले बांधले. भगतशेठनी गळती तपासायचं मशीन घेतलं. का घेतलं ते त्यांनाच माहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मिठागरात जन्म गेला ताई, आमाला गलतीचीच भाशा येते."

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार यायची. दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवणारा एक जण टाकी नापास झाली की माझ्याशी बोलायचा बंद व्हायचा आणि पुढची टाकी घेऊन आला की काही घडलंच नाही अशा थाटात पेढे द्यायचा. एका हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनचा ठेकेदार म्हणाला, "मॅडम, जराशीच तर गळतेय, घ्या ना चालवून." मी त्याला विचारलं, त्या खाटेवर तुमच्या आईला झोपवाल का? त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुन्हा काही तो आला नाही. माझ्या तोंडामुळे भगतशेठची अशी बरीच गिऱ्हाइकं गेली, पण ते मला त्यावरून कधी बोलले नाहीत.

आणखी एक प्रसंग आधीच सांगून ठेवते. भगतशेठच्या नातीचा वाढदिवस होता. त्यांनी हौसेनं शेडमधल्या सिलिंडरवरच फुगे भरून घेतले. संध्याकाळी वाढदिवस थाटात झाला, पण दुसऱ्या दिवशी आमचं मशीन जे ओरडायला लागलं ते थांबेना. चांगल्या वस्तूलाही गळती दाखवे, रिकाम्या टेबलालाही दाखवे, माझ्या पदराला लावलं तरी तेच. खोलीच्या हवेतच हीलियम भरून राहिला होता. पंखे लावून, दारं उघडी टाकून तो घालवला तेव्हा काम सुरू झालं. तेव्हापासून शेडमध्ये फुग्याचं नाव काढायला बंदी.

आता चंद्राकडे येते.

परदेशातल्या खासगी कंपन्यांमध्ये माणसांना चंद्रावर उतरवणारं यान बनवायची शर्यत लागली आहे, हे आता पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. अशा यानाचे सुटे भाग दहा ठिकाणी बनतात. त्या दहा ठिकाणच्या लोकांची पुढे आणखी कंत्राटं, आणि त्या उतरंडीच्या अगदी तळाशी कुठेतरी आमची तळोज्याची शेड. एका कंपनीच्या मध्यस्थामार्फत वॉल्व्ह तपासायला आले. माणसं बसतात त्या खोलीची हवा सांभाळणारे वॉल्व्ह. निळ्या पेट्यांतून यायचे, म्हणून आम्ही त्यांना निळेवाले म्हणायचो. त्यांचा माणूस देशमुख, पुण्याचा, शिकलेला, कामाचा पक्का आणि सतत घाईत. मग थोड्याच दिवसांत दुसरी कंपनी आली. तिच्याही मध्यस्थामार्फत, तसेच वॉल्व्ह घेऊन, पण पांढऱ्या पेट्यांतून. त्यांचा माणूस आमच्या पनवेलचाच, मुकादम आडनावाचा. हसतमुख, पन्नाशीचा, चहा अगदी शांतपणे पिणारा.

दोघांनीही भगतशेठकडून लिहून घेतलं होतं की कुणाचं काम इथे चालतं हे कुणाला सांगायचं नाही. भगतशेठनी दोघांनाही शब्द दिला. "दोगं बी आपलीच गिऱ्हाइकं. एकाला पुडच्या दारानं घेऊ, एकाला मागच्या." आणि तपासणीच्या खोलीच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकून टाकलं.

पार्टिशन छतापर्यंत नव्हतं. नवीन पनवेलात, आमच्या खांदा कॉलनीत तर घरोघरी ही युक्ती बघायला मिळेल. हॉलमध्ये एसी बसवायचा, बेडरूमच्या भिंतीला वरून हातभर फट ठेवायची, म्हणजे एका एसीत दोन खोल्या गार. भगतशेठनी तेच केलं. मी म्हटलं, शेठ, इकडचा हीलियम तिकडे जाईल, फुगे आठवा. ते म्हणाले, "ताई, भरताना सांडतो तो तर पाइपनं भाईर जातो. आनि वॉल्व्ह गलतच नसंल तर हीलियम येनार कुटून?" यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं.

दोन्हीकडच्या तपासण्या वेगळ्या होत्या. निळ्यांकडे सोंड फिरवून बारीक तपासणी. त्यांनी मशीनही स्वतःचं पाठवलं होतं, आमच्यापेक्षा भारी. पांढऱ्यांकडे वॉल्व्ह हीलियमनं दाबून भरायचा आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही की पास. सोंडेची बारीक तपासणी ते आधी करणार होते, मग शर्यतीत मागे पडतोय म्हणून वरून कुणीतरी ती रद्द केली. पूर्ण यान जोडल्यावर एकदमच बघू म्हणाले. ते काम आमच्या शेडचं नव्हतं, पण मला हे कळलं तेव्हापासून माझं डोकं त्यातच. इतके जोड एकत्र झाल्यावर कुठला गळतोय ते सापडेल का? कदाचित सापडेल. माझी काळजी या 'कदाचित'वरच पोसलेली आहे.

निळ्यांनी एक फोटोही पाठवला होता. यानातून जाऊ शकतील अशा चार जणांचा. खाली लिहिलं होतं की ही माणसं तुमच्या कामावर विसंबून आहेत. त्यातल्या एका बाईच्या पुढच्या दातांत फट होती, माझ्या धाकट्या बहिणीसारखी. देशमुखनं तो टेबलासमोर खिळा ठोकून लावला. ज्यानं कुणी ही कल्पना काढली त्याला वाटलं असेल, फोटो बघून आमचा हुरूप वाढेल. माझं उलटंच झालं. एखादा जोड तपासून पुढे गेले की ती बाई माझ्याकडे बघतेय असं वाटायचं आणि मी पुन्हा मागे यायचे. शेवटी देशमुख नसेल तेव्हा मी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायला लागले. पांढऱ्यांनी फोटोबिटो काही पाठवला नव्हता, त्यामुळे त्यांच्यासाठी बिनचेहऱ्याची काळजी करावी लागे.

त्या दिवशी दुपारी निळ्यांच्या एका वॉल्व्हची तपासणी चालू होती. गाडी दारात उभी होती, विमानतळावर माल वेळेत पोचला नाही तर तो मागे राहणार होता, आणि त्यामुळे देशमुख माझ्या खांद्यामागे उभा राहून श्वास घेत होता. कुणी मागे उभं राहिलं की मला काम सुचत नाही. पहिल्याच जोडावर मशीन ओरडलं. दुसऱ्यावर ओरडलं. तिसऱ्यावरही. देशमुखच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, हे काय चाललंय? काल तर सगळं ओके होतं."

"थांबा जरा," मी म्हटलं आणि सोंड वॉल्व्हपासून लांब, हवेत धरली. तरी मशीन ओरडतच राहिलं. म्हणजे दोष जोडात नव्हता, हवेत होता.

"कुणी फुगे भरले का हो?" देशमुखला ती गोष्ट माहीत होती.

फुगे कुणी भरले नव्हते. मी सोंड हातात घेऊन खोलीभर फिरले. दाराशी आवाज कमी, टेबलाशी मध्यम, पार्टिशनकडे गेले तसा वाढत गेला. स्टुलावर चढून सोंड वरच्या फटीशी नेली आणि मशीन किंचाळलं. पलीकडचं बघायला नको म्हणून मी मान वळवणार, तोवर दिसलंच. टेबलावर पांढऱ्यांचा वॉल्व्ह भरून ठेवलेला. शेजारी मुकादम चहाचा कप घेऊन बसलेले. काटा जागचा हलला नव्हता.

काटा हलणार नव्हताच. इतकी बारीक गळती काट्याला दिसायला खूप वेळ जावा लागतो. पण एसीचा वारा ती पार्टिशनवरून उचलून इकडे आणत होता आणि त्यांच्या शर्यतीतल्या दुसऱ्या घोड्याचं मशीन ती हुंगत होतं.

मी खाली उतरले. देशमुख हुशार, त्याला सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे आपला वॉल्व्ह चांगला आहे."

"असेल. हवा काढून परत बघू."

एसी बंद केला, दार उघडलं, पंखे लावले. बऱ्याच वेळानं मशीन शांत झालं आणि मी पलीकडची हवा अंगावर येणार नाही असं प्लास्टिक फटीला लावून सगळे जोड पहिल्यापासून तपासले. वॉल्व्ह चोख होता. देशमुखनं पेटी बंद करायला घेतली.

"आणि तिकडचा?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "मॅडम, तिकडे काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. तसंच ॲग्रीमेंट आहे."

कागदावर त्याचं बरोबर होतं. मी तरातरा भगतशेठकडे गेले. ते बाहेर टपरीवर होते. हवेत तळोज्याचा नेहमीचा केमिकलचा वास होता, त्याची आम्हाला इतकी सवय की नसला तर चुकल्यासारखं वाटतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"कदाचित वॉल्व्ह नसंल, ताई. पाइप गलत आसंल."

"असेलही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"आनि मुकादमला काय सांगशीला? कुटून कललं?"

"तेच तर विचारायला आलेय."

"सांगितलं का दोगंबी जानार. पांडरे जानार, निलेबी जानार. शेडवर किती घरं चालतात ते तुला ठावं हाय." ते कधी नव्हे ते मला एकेरीत बोलले. "तुला वाटतंय तेवडं सोपं नाय ते."

मला सोपं वाटत नव्हतंच. मी टपरीच्या बाकावर बसले आणि त्या पांढऱ्या यानात कोण बसेल ते डोळ्यांपुढे आणायला लागले. त्यांचे चेहरे माहीत नव्हते, तर मनानं आपोआप ओळखीचे चेहरे आणून बसवले. पुढच्या खुर्चीत आमचे हे, डोक्यावर ते मोठं हेल्मेट आणि नाकावर खाली आलेला चष्मा. शेजारी भगतशेठ, त्या जाडजूड पोशाखात पोट मावत नाही म्हणून कुरकुरणारे. बाहेर हवेचा कण नाही आणि आत भगतशेठ म्हणतायत, ताई, हितं जरा कोंडल्यावानी होतंय. हसू यायला हवं होतं. मला रडू आलं.

भगतशेठनी कप उचलला आणि न पिताच पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या मिठागरात बांदाचं भांडन लय. भाऊ भावाशी बोलत नसं. पन भरतीच्या टायमाला कोनाच्याबी बांदातनं पानी झिरपताना दिसलं, तर ज्याला दिसंल त्यानं वरडायचं. मंग तो बांद दुश्मनाचा का आसंना. नाय वरडला तर त्याला वाडीत कोन पानी देत नसं." त्यांनी उरलेला चहा ओतून टाकला. "जा, सांग त्याला. निलं-पांडरं काय बोलू नको. गलतंय एवडं सांग."

मी मागच्या दारानं पांढऱ्यांच्या बाजूला गेले. मुकादमांचा वेळ संपत आला होता, ते पास लिहायच्या तयारीत होते.

"साहेब, तुमच्याकडे काहीतरी गळतंय."

ते काट्याकडे बघून हसले. "नाही हो बाई. बघा, जरासुद्धा हललेला नाही."

"काट्याला नाही दिसायचं ते. बारीक आहे. सोंडेनं बघा."

"आमच्याकडे सोंड कुठे आहे? रद्द झाली ना ती." मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "तुम्हाला कसं समजलं?"

"ते नका विचारू."

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं, मग पार्टिशनकडे आणि मग वर, फटीला नवीनच लावलेल्या प्लास्टिककडे. त्यांनी पेन खिशात ठेवलं. फक्त म्हणाले, "या अल्लाह."

त्यांनी आमचंच जुनं मशीन मागून घेतलं आणि मीच सोंड फिरवली. पाइप चोख होता, भरायचा जोड चोख होता. मी मनातून म्हणत होते, पाइपच असू दे. पण वॉल्व्हच्या अंगालाच जिथे दोन तुकडे वेल्डिंगनं जोडले होते, तिथे मशीन ओरडलं. मुकादम खाली बसले. घरी जाताना त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला वाटलं, जणू ते स्वतःच त्यात बसणार होते.

पुढे काय झालं ते भगतशेठ म्हणाले तसंच झालं. पांढऱ्यांनी त्या खेपेचे सगळे वॉल्व्ह परत नेले, बारीक तपासणी पुन्हा सुरू केली, पण दुसरीकडे, कारण आमच्याकडे कुणाचं तरी मशीन चालतं हे त्यांना कळलं होतं. निळ्यांनाही बातमी लागली. देशमुख माझ्यावर चिडला. इतक्या दिवसांत मी त्याला असा चिडलेला बघितला नव्हता.

"आमच्या मशीनचा रिझल्ट तुम्ही त्यांना दिलात मॅडम. आमच्या. ते आज कुठे असते, कळतंय तुम्हाला? तो वॉल्व्ह तसाच गेला असता, तर ते..."

तो तिथेच थांबला. त्यालाच आपलं वाक्य पुढे नेता येईना. तो वाईट माणूस नव्हता, शर्यतीनं त्याला तिथपर्यंत आणलं होतं. निळ्या पेट्या भरून निघाल्या तेव्हा त्यानं भिंतीवरचा फोटोही काढून नेला, कारण तोही कंपनीचा होता. तो उलटा लावलेला बघून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, मला त्यांच्याकडे बघवत नाही, काळजी वाटते. त्यानं फोटो पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जाताना माझ्या पाया पडला.

शेड अजून चालते, दुधाच्या टाक्यांवर आणि ऑक्सिजनच्या लाइनींवर. पूर्वीसारखी नाही. दोन मुलांना भगतशेठना काढावं लागलं आणि त्या मुलांच्या आया मला बाजारात भेटल्या की मी रस्ता बदलते, हे खरं. पार्टिशन अजून तसंच आहे. भगतशेठ कधीकधी त्या फटीकडे बघून म्हणतात, "दुसरा एसी घेतला आसता तर काम ऱ्हायलं आसतं, नाय का?" मी म्हणते, राहिलं असतं.

मी निवृत्त झाले. आता आमच्या बिल्डिंगमधली माणसं विचारतात, मावशी, तुम्ही चंद्राचं काम केलंय ना, मग कोण जिंकणार? निळेवाले की पांढरेवाले, हे त्यांना माहीत नाही. ते कंपन्यांची खरी नावं घेतात. मी म्हणते, मला नाही माहीत. कुठल्याही कंपनीची चाचणी पुढे ढकलली अशी बातमी आली की सगळे हळहळतात आणि मला त्या दिवशी शांत झोप लागते. अजून कुणी गेलं नाही ना, मग अजून सगळे इथेच आहेत.

परवा दुपारी मी पोळ्या करत होते आणि ह्यांनी हॉलमधून हाक मारली. "अगं ये, तुझ्या पांढऱ्यांना दाखवतायत." मी पिठाच्या हातानं बाहेर गेले. पांढऱ्यांच्या यानातून कोण जाणार ते पहिल्यांदाच दाखवत होते. चौघं जण एका रांगेत उभे. एक टक्कल पडलेला, एक अगदीच तरुण पोरगा, दोन बायका. त्यातली एक कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून शेजारणीच्या कॉलरला लागलेलं काहीतरी झटकत होती. एवढे दिवस मी त्यांच्या जागी ह्यांना आणि भगतशेठना बसवून काळजी केली होती. आता त्यांना त्यांचे चेहरे मिळाले.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघितलं. तवा तापत होता, गॅस मीच चालू ठेवला होता. मी गॅस बंद केला, परत हॉलमध्ये आले, आणि ती बातमी संपेपर्यंत उभ्यानंच बघत राहिले.